बेटावरच्या विहिरीचा हिवाळा

मुंबईत थंडी पडल्याचं मला सगळ्यात आधी नळाच्या पाण्यावरून कळतं. घोडपदेवच्या आमच्या चाळीत पाणी सकाळी पावणेसहाला येतं. एरवी ते ना गार असतं ना कोमट, नुसतं पाणी. मग डिसेंबर संपता संपता एका सकाळी पिंप भरताना बोटं आखडतात. खालच्या मजल्यावरचे काका कानटोपी घालून पेपर आणायला निघतात. सतरा-अठरा अंशांत सगळी चाळ कुडकुडल्यासारखी करते, आणि आई कपाटाच्या तळातून बाबांचा राखाडी स्वेटर काढून माझ्यापुढे धरते. "घाल. छाती धरेल."

बाबा गिरणीत होते. गिरणी गेली, मग तेही गेले, स्वेटर राहिला. कोपराला उसवलाय, पण ऊब अजून चांगली आहे. यंदाही तो चढवला आणि ते बेट आठवलं. दर थंडीत आठवतं. त्या एका हिवाळ्यात दर मंगळवारी हाच स्वेटर घालून मी भाऊच्या धक्क्यावर उभी असायचे.

मी पाणी तपासते. परळच्या बाजूला आमची प्रयोगशाळा आहे. लोक बाटल्या आणून देतात, काही ठिकाणी आम्ही जाऊन भरून आणतो, आणि हे पाणी पिण्यासारखं आहे की नाही ते कागदावर लिहून देतो. काम एवढंच. पण हे काम करायला लागल्यापासून एक खोड जडली आहे: कुणाच्याही घरी पाण्याचा पेला हातात आला की प्यायच्या आधी मी तो उजेडात धरते. आई म्हणते, "लोकांना अपमान वाटेल." मला कळतं, पण हात ऐकत नाही.

बंदरात एक छोटं बेट आहे. नाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांना आपल्या विहिरीची गोष्ट छापून आलेली आवडणार नाही. पन्नासेक घरं, एक टेकडी, टेकडीवर पावसाचं पाणी साठवणारं तळं आणि पायथ्याशी एक विहीर. तळं होळीच्या आत आटतं. खरी भिस्त विहिरीवर. चारी बाजूंनी समुद्र आणि मधे एवढंसं गोडं पाणी, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला नवल वाटलं होतं. लाँच चालवणाऱ्या तांडेलाला तसं म्हणाले, तर तो हसला. "मॅडम, मुंबई तरी काय आहे? बेटच ना? तुमचं पाणी लांबून पाइपातून येतं, म्हणून तुम्हाला समुद्र दिसत नाही, एवढंच."

बरोबरच होतं त्याचं. घोडपदेवपासून समुद्र चालत पंधरा मिनिटांवर आहे, आणि नळाखाली हंडा लावताना मला तो कधी आठवला नव्हता.

त्या वर्षी बेटाचं काम आमच्याकडे आलं आणि ते माझ्या वाट्याला आलं. हिवाळ्यात धक्क्यावर सकाळी धुरकं इतकं असायचं की समोर नांगरलेली जहाजं नुसती काळ्या डागांसारखी दिसायची. मासळीचा लिलाव उरकत आलेला, पायाखाली बर्फाचा चुरा आणि चिकट पाणी, आणि वर धुरात अडकलेला सूर्य. लाँच सुटायला तांडेल तो थोडा वर यायची वाट बघत थांबायचा. तोवर मी माझी थंड पेटी मांडीवर घेऊन बसायचे. शेजारच्या बाया भाजीच्या पिशव्या, गॅसची सिलिंडरं, पोरांच्या वह्या असं काय काय घेऊन निघालेल्या असायच्या. पेटीत मासळी नाही, रिकाम्या बाटल्या आहेत, हे कळल्यावर त्यांनी माझं नाव ठेवलं, 'पाणीवाली बाय'.

विहिरीपाशी पहिल्याच दिवशी हिराबाई भेटल्या. सत्तरीच्या, काटक. विहीर त्यांच्या आजेसासऱ्यांनी खणलेली, असं त्या ओळख करून द्यायच्या आधी सांगायच्या. येणाऱ्या पर्यटकांना त्या तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण करून घालायच्या. मुलगा रमाकांत, सून, आणि सहा वर्षांची नात चिमी असं घर. रमाकांतने त्याच वर्षी विहिरीच्या वरच्या अंगाला पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. निळा रंग, प्रत्येक खोलीला स्वतंत्र संडास-बाथरूम. त्याचा त्याला फार अभिमान होता, आणि असावाच. बेटावर राहून काहीतरी उभं केलेला त्याच्या वयाचा तो एकटाच होता. बाकीचे सगळे नोकरीसाठी मुंबईत गेलेले.

मी दोरीला बाटली बांधून विहिरीत सोडत होते, तेव्हा हिराबाई काठावर बसून बघत होत्या.

"कुठली गो तू?"

"घोडपदेवची."

"ते झालं. मूळची?"

"महाडकडची."

"आडनाव?"

"कांबळे."

"हां," त्या म्हणाल्या. मग घरात गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. तो त्यांनी माझ्या हातात दिला नाही, कठड्यावर ठेवला. आता माझ्या हातात ओली बाटली आणि दोरी होती, म्हणूनही ठेवला असेल. मी तो विचार फार वेळ केला नाही. फार वेळ नाही म्हणजे, लाँच परत धक्क्याला लागेपर्यंत.

डिसेंबरचे सगळे नमुने चांगले निघाले. पाणी पिण्यास योग्य असल्याचा हिरवा कागद मी भरला की हिराबाई तो वाचता येत नसतानाही उलटसुलट करून बघायच्या. "पानी चांगलं हाय ना? मग लिव, चांगलं हाय म्हणून." दुसऱ्या मंगळवारी त्यांनी तांब्या थेट हातात दिला. तिसऱ्या मंगळवारी भाकरी. मी खाल्ली. बाहेर काम असलं की खायचं नाही असा माझा नियम आहे, पण ती चुलीवरची गरम भाकरी आणि समुद्रावरून येणारा गार वारा यांच्यापुढे तो टिकला नाही.

नाताळच्या सुट्टीत बेटावर माणसांचा पूर आला. रमाकांतच्या खोल्या एक दिवस रिकाम्या नव्हत्या. जानेवारीच्या पहिल्या मंगळवारी मी गेले तर चिमी अंगणात खेळताना दिसली नाही. जुलाब होत होते. शेजारच्या घरातली दोन पोरं तशीच. सगळे म्हणत होते, थंडी बाधली. पावसाळ्यात पोरं आजारी पडली की लोक आधी पाण्यावर संशय घेतात. हिवाळ्यात पाणी इतकं नितळ आणि गार असतं की त्याच्याकडे कुणी बघतच नाही.

आमच्याकडे एक छोटी बाटली असते. तिच्यात नमुना भरून उबेला ठेवायचा. पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर एक-दोन दिवसांत ते काळं पडतं. गुरुवारी सकाळी मी प्रयोगशाळेत कपाट उघडलं. रांगेतल्या बाकी बाटल्या पिवळसर होत्या. बेटाची शाईसारखी काळी होती.

मी पुन्हा गेले, पुन्हा नमुना आणला. विहिरीत जंतुनाशक पावडर टाकून घेतली. चार दिवसांनी पुन्हा काळी.

हे सांगायला गेले तेव्हा ती बाटली बरोबर नेली होती. हिराबाईंनी ती उन्हात धरली. बराच वेळ बघितली.

"म्हंजे आमची विहीर बाटली?"

हा शब्द ऐकून मी पेटीचं झाकण उगाच उघडून परत लावलं. त्यांच्या लक्षात आलं नसावं. त्यांच्या तोंडी तो सहज होता.

"बाटली नाही," मी म्हणाले. "घाण झाली. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत."

"काय वेगळं?"

"घाण काढता येते."

रमाकांत बाजूला उभा होता. खोल्यांच्या संडासांचा शोषखड्डा विहिरीच्या वरच्या बाजूला होता, आणि मला काय म्हणायचंय ते त्याला मी बोलायच्या आधीच कळलं. तो ओरडला नाही. हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, दोन महिने थांबा. सीझन एवढाच असतो. ऊन तापलं की माणसं येत नाहीत, खोल्या बंद. मग म्हणाल तिथे खड्डा हलवतो."

"तोवर चिमीने काय प्यायचं?"

"ते खड्ड्यामुळेच आहे कशावरून? इथे शेळ्या आहेत, माकडं आहेत. सिद्ध करा ना."

त्याचं हे बरोबर होतं. नुसत्या संशयावरून कुणाच्या पोटावर पाय देता येत नाही. सिद्ध करायची रीत सोपी असते. संडासात एक रंग ओततात, त्याने कुणाला अपाय होत नाही. खड्ड्यातलं पाणी विहिरीत झिरपत असेल, तर काही दिवसांत विहिरीला हिरवी झाक येते. रमाकांत म्हणाला, "टाका. काही निघणार नाही." त्याच्यासमोर, चार गाववाल्यांसमोर मी रंग ओतला. विहिरीचं पाणी कुणी प्यायचं नाही असं ठरलं आणि तात्पुरती पाण्याची बार्ज, म्हणजे टाक्या लादलेली सपाट बोट, मागवली. हिराबाईंना मी सांगितलं, "रोज सकाळी पांढऱ्या ताटलीत पाणी घ्या आणि उन्हात धरून बघा. मी तिसऱ्या दिवशी येतेच."

आणि मग उत्तरेचा वारा सुटला.

जानेवारीत मुंबईला असा वारा मधेच सुटतो. शहरात तो छान वाटतो. धुरकं एका रात्रीत धुऊन निघतं, लालबागच्या पुलावरून लांबचे डोंगर दिसतात, लोक गच्चीवर पतंग उडवतात. बंदरात मात्र पाणी उसळतं. धक्क्यावर गेले तर तांडेल म्हणाला, "आज नाही. उद्याही नाही." बार्जही निघाली नव्हती. मी थंड पेटी घेऊन घोडपदेवला चालत परत आले. वाटेत एवढं स्वच्छ निळं आभाळ होतं, आणि मला त्याचा राग येत होता.

पहिल्या बार्जने बेटावरची पिंपं भरली होती, पण ती किती पुरणार? आणि विहिरीकडे बघायला तिथे होतं कोण? जिच्या मुलाच्या खोल्या, ती त्याची आई. तिने काही दिसलं नाही असं म्हटलं असतं, तर मला ते खरं मानावं लागलं असतं. चार दिवसांनी रंग विरून गेला असता. मी त्या रात्री आईला हे सांगितलं. आईने तांदूळ निवडत ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई कशी आहे?"

"चांगली आहे," मी म्हणाले. "पण आई आहे."

"हं," आई म्हणाली.

वाऱ्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. बेटावर फोन लागायला टेकडीच्या अर्ध्यावर चढावं लागतं, त्यामुळे हिराबाईंना धाप लागली होती. मागून वारा घोंघावत होता.

"बाय, पानी हिरवं आलं गो."

"नक्की?"

"काल थोडं वाटलं. म्हटलं, डोळे माझे म्हातारे. आज सुनेला दाखवलं. हिरवंच हाय. रमा बोलतो, शेवाळ असेल. शेवाळ मी सत्तर वर्सं बघतंय. हे शेवाळ नाय." मग जरा थांबून म्हणाल्या, "तू लिव काय लिवायचं ते."

मी फोन ठेवला. मग लाल कागद भरला: पाणी पिण्यास अयोग्य. विहीर बंद ठेवावी. असे कागद मी आधी बरेच भरले होते. त्या दिवशी अक्षर जरा वाकडं आलं.

वारा पडल्यावर पहिल्या लाँचने मी निघाले. निघताना आईने दहा लिटरचा कॅन दाराशी आणून ठेवला. सकाळचं पावणेसहाचं पाणी, वर फडकं गुंडाळलेलं.

"हे काय?"

"त्या आजारी पोरीसाठी. बार्ज येईल तेव्हा येईल."

"आई, असं कसं? मी पाणी तपासल्याशिवाय देऊ शकत नाही."

"मग तपास. चाळीस वर्षं पितेय मी ते."

मी खरंच तपासलं. क्लोरीन व्यवस्थित होतं. एका हातात पेटी, एका हातात कॅन, असं ते ओझं घेऊन मी बेटावर उतरले. लाँचमधल्या बाया म्हणाल्या, "पाणीवाली बाय आज खरंच पानी घेऊन आली."

हिराबाई ओटीवर चिमीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पोरीचे ओठ सुकलेले. घरात पिंपाच्या तळाला बोटभर पाणी उरलं होतं. मी कॅन ठेवला.

"कुणाकडलं पानी?"

"आमच्याकडचं. आईने भरून दिलंय."

त्या कॅनकडे बघत राहिल्या. माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते आता लिहायला लाज वाटते. त्यांनी फक्त भांडं धुतलं, पाणी ओतलं, चिमीचं डोकं हातावर घेऊन तिला घोट घोट पाजलं. मग त्याच भांड्यात स्वतःसाठी घेतलं आणि एका दमात प्यायल्या. "गार हाय," म्हणाल्या. "आईला सांग, गार लागलं."

त्यानंतरचा महिना सगळ्यांना जड गेला. बार्ज दिवसाआड यायची, घरटी हंडे ठरलेले. रमाकांतने सगळी बुकिंगं रद्द केली. माझ्याशी तो बोलत नव्हता, पण शोषखड्डा त्याने स्वतः कुदळ घेऊन फोडला आणि टेकडीच्या पलीकडच्या उतारावर, विहिरीपासून लांब, नवी पक्की टाकी बांधली. विहीर पूर्ण उपसली, तळाचा गाळ काढला. चिमी आठवड्याभरात उठून अंगणात आली. फेब्रुवारीत नमुने घेतले, ते साफ निघाले. पुन्हा घेतले, साफ. मी हिरवा कागद दिला तेव्हा रमाकांतने तो घेतला, घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, "चहा घेऊन जा." ही त्याची बोलायची सुरुवात.

आता विचार करते तेव्हा वाटतं, त्या हिवाळ्यात बेटावर मी केलं काय? बाटल्या भरल्या, एक रंग ओतला. खरं काम एका म्हाताऱ्या बाईने केलं, आणि तेही मी समोर नसताना. आमच्या खात्यात नवीन मुली येतात, त्यांना मी तपासणीच्या सगळ्या पद्धती शिकवते. ताटली उन्हात धरणाऱ्या माणसावर सगळं अवलंबून असतं, हे मात्र कसं शिकवायचं ते मला अजून कळलेलं नाही.

मार्च लागला, थंडी ओसरली. हिराबाईंना मोतीबिंदू दाखवायला परळला यायचं होतं. माझी आई तिथल्याच एका इस्पितळात आया होती, तीस वर्षं. तिला तिथला प्रत्येक दरवाजा माहीत. तिने त्यांना बरोबर नेलं, रांगेत पुढे बसवलं, डोळे तपासून घेतले आणि घरी घेऊन आली. मी संध्याकाळी कामावरून आले तर दोघी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, आधी गुडघ्यांबद्दल आणि मग कोलंबीच्या भावाबद्दल बोलत.

मग कशावरून तरी विहिरीचं निघालं. आई म्हणाली, "आमच्या गावाला होती विहीर. पण आम्हाला तिच्यावर चढता यायचं नाही. कळशी घेऊन बाजूला बसून राहायचं. कुणी आलं आणि दया आली तर वरून ओतायचं. थंडीच्या दिवसांत अर्धं पाणी अंगावरच यायचं."

हे मी आईच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. मी भांडी लावता लावता थांबले.

हिराबाईंनी डोळा टिपला. त्यांच्या एका डोळ्यात औषध घातलेलं होतं, त्यामुळे पाणी येत होतं. ते कशाचं, हे मी ठरवणार नाही.

"माझ्या माहेरी पन होती तशी," त्या म्हणाल्या. "उरणकडे. दोन घरं यायची कळशा घेऊन. वतायची मीच. धा-बारा वर्सांची असेन."

"उंचावरून?" आईने विचारलं.

"उंचावरून."

खालच्या मजल्यावर कुणाचा तरी टीव्ही मोठ्याने लागला होता. आईने पदराने कपाळ पुसलं.

"तुला तेव्हा कुणी सांगितलं असतं, की खालच्या पोरीला थंडी वाजते," आई म्हणाली, "तर?"

हिराबाईंनी खरोखरच विचार केला. 

"तरी वतलं असतं गो तसंच," त्या म्हणाल्या. "आई होती ना मागे उभी."

 मग आई उठली, शेगडी पेटवली आणि मागे न वळता म्हणाली, "शेवटची लाँच सुटली आता. जेवून घे, आणि इथेच झोप. सकाळी मी येते धक्क्यावर सोडायला."